अग्रलेख नंतर, आधी जाहीर नोटिसा: कोकणातली जुनी वर्तमानपत्रे कशी वाचावीत

जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा समोर आला की हात आधी पहिल्या पानाकडे जातो. गांधीजींची अटक, युद्ध, स्वातंत्र्य, निवडणूक. या बातम्या पुण्यामुंबईच्या दैनिकांत अधिक सविस्तर आणि आधी आलेल्या असतात. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग किंवा सावंतवाडीच्या साप्ताहिकाने त्या बहुधा तिथूनच उचललेल्या असतात. जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही ते आतल्या आणि शेवटच्या पानावर असते: जाहीर नोटिसा, बोटींचे वेळापत्रक, बाजारभाव, नगरपालिकेच्या सभेचा वृत्तान्त, 'एक करदाता' अशा सहीचे पत्र, श्राद्धाच्या देणगीची पोच. गावचे सार्वजनिक जीवन या बारीक टायपात आहे. म्हणून वाचनाची सुरुवात शेवटच्या पानापासून करावी.

प्रश्न लहान ठेवा

'कोकणातील सामाजिक स्थित्यंतरे' हा विषय घेऊन बसलात तर दोन महिन्यांत कंटाळून उठाल. साधा हिशेब करा. साप्ताहिकाचे वर्षाला 52 अंक, अंकाची 4 पाने, म्हणजे वर्षाची 208 पाने. नीट वाचून नोंद करायला पानामागे 10 मिनिटे धरली तरी एका वर्षाला 35 तास लागतात. दहा वर्षांना साडेतीनशे तास. त्यामुळे प्रश्न एका गावाचा, एका संस्थेचा किंवा एका सोयीचा घ्यावा. 'मालवण बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारी काय होत्या आणि त्यांचे पुढे काय झाले', 'आपल्या तालुक्यात मुलींची शाळा कोणी मागितली आणि कोणी अडवली', 'गावच्या मुंबईकर मंडळाने गावात काय काय बांधले' असे प्रश्न पेलतात.

आधी एक सलग वर्ष पूर्ण वाचावे, एकही अंक न सोडता. त्यातून त्या पत्राची चाल कळते: कोणते सदर कुठे येते, कोणत्या गावचा बातमीदार उत्साही आहे, कोणाचे नाव सतत छापले जाते. मग दर पाचवे वर्ष घ्यावे. तेवढाही वेळ नसेल तर वर्षातले ठरावीक अंक तरी पाहावेत: मार्चचा पहिला, शिमग्याच्या आगेमागचे, मेअखेरचे (पावसाळ्याआधीची सगळी कामे आणि तक्रारी इथे येतात), गणपतीचा आणि दिवाळीचा. मार्चच्या पहिल्या अंकाबद्दल पुढे सांगितले आहे.

अंक कुठे सापडतात

पहिली पायरी गावचे जुने वाचनालय. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 पासूनचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 1864 चे. मात्र जाण्याआधी अमुक पत्राच्या अमुक वर्षाच्या फाइल शिल्लक आहेत का, हे फोन करून विचारावे. चिपळूणच्या वाचनमंदिरात 2005 आणि 2021 च्या पुरांचे पाणी शिरले आहे. इतर ठिकाणीही वाळवी आणि गळक्या कौलांनी आपले काम केलेले असते.

गावात नसेल तर मुंबईत शोधावे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटीचे टाउन हॉलमधले ग्रंथालय आणि काळाघोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेख खाते ही तीन नावे लक्षात ठेवावीत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे आहे, तेही वगळू नये. वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूचा विषय असेल तर पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालयही पाहावे. सीमेपलीकडच्या पत्रांत अलीकडच्या बातम्या भरपूर असतात.

पुराभिलेखात एक फार उपयोगी गोष्ट असते आणि ती फारसे कोणी मागत नाही. ब्रिटिश सरकार देशी पत्रांतला निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून दर आठवड्याला गोपनीय अहवाल काढत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते अनेक दशके चालू होते. अलिबागचे 'सत्यसदन', रत्नागिरीची 'सत्यशोधक' आणि 'बकुळ' यांसारख्या पत्रांचे मूळ अंक मिळाले नाहीत तरी त्यांतले उतारे या अहवालांत मिळू शकतात. अहवालाला जोडलेल्या याद्यांत पत्र कुठून निघते, संपादक कोण, त्याची जात आणि वय काय, खप किती हेही दिलेले असते. खपाचे आकडे वाचून हसू येईल. काहीशे प्रतींवर पत्र चालायचे. पण एक प्रत वाचनालयात, पेढीवर, शाळेच्या पडवीत मोठ्याने वाचली जायची, त्यामुळे खप म्हणजे वाचक नव्हे. दुसरी सावधगिरी अशी की भाषांतरकार सरकारी नोकर होता. राज्यकर्त्यांना जे खुपेल ते त्याने आधी उचलले. गटारांच्या तक्रारी त्याने बहुतेक सोडून दिल्या.

नावांच्या गोंधळातही फसायला होते. रत्नागिरीच्या 'सत्यशोधक' पत्राचा आणि महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा संबंध केवळ नावावरून जोडू नये. एकच नाव घेऊन वेगवेगळ्या गावांतून वेगवेगळ्या काळी पत्रे निघाली आहेत. नोंद करताना पत्राच्या नावापुढे गावाचे नाव लिहायलाच हवे.

पान उलटण्याआधी

1840 च्या आसपासचा कागद बरेचदा 1940 च्या कागदापेक्षा धडधाकट निघतो. जुना कागद चिंध्यांपासून बनायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असते आणि तो स्वतःच स्वतःला जाळत जातो. कोकणातली दमट हवा हे काम लवकर उरकते. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अंक सगळ्यांत नाजूक समजावेत.

हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. बोटाला थुंकी लावायची सवय दाराबाहेर ठेवावी. पान कोपऱ्याला धरून ओढू नये. खालून जाडसर पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून पुठ्ठ्यासकट उलटावे. घडीवर तुटलेले पान सेलोटेपने जोडू नये, कारण काही वर्षांत टेप पिवळी पडते आणि अक्षरे तिच्यासोबत निघतात. टेबलावर शाईचे पेन नको, पेन्सिलच वापरावी. बुरशीचा वास येत असेल तर मास्क लावावा आणि तो गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यांपासून वेगळा ठेवायला सांगावा. गठ्ठे उन्हात पसरू नयेत. त्याने बुरशी थोपते खरी, पण कागद कडक होऊन तुटतो. ही कामे शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावीत. जून ते सप्टेंबरमध्ये जुने गठ्ठे न सोडलेलेच बरे.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढावेत. मोठ्या आकाराच्या पानाची उंची सुमारे 23 इंच असते. फोनचा फोटो 4000 गुणिले 3000 बिंदूंचा असला तर पूर्ण पानाला इंचामागे जेमतेम 174 बिंदू मिळतात, आणि बाजारभावाचा बारीक टाइप त्यात गढूळ येतो. म्हणून एक फोटो पूर्ण पानाचा आणि सहा फोटो तुकड्यांचे घ्यावेत, प्रत्येक तुकडा शेजारच्यावर बोटभर चढलेला. फोन पानाला समांतर हवा, नाहीतर कडेच्या ओळी तिरप्या होतात. दर अंकाचा पहिला फोटो नाव आणि तारीख असलेल्या मथळ्याचा असावा. हे राहिले की घरी आल्यावर शंभर फोटोंतला एकही कोणत्या तारखेचा ते सांगता येत नाही. फाइलचे नाव त्याच दिवशी द्यावे: 1931-05-12_पान3_2, म्हणजे तारीख, पान, तुकडा.

तारीख, पैसा, माप

जुन्या अंकावर बहुधा शके आणि तिथी असते, कधी फक्त तीच. चैत्रापासून 31 डिसेंबरपर्यंत शकात 78 मिळवावेत, 1 जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. शके 1869 चा आषाढ म्हणजे जून-जुलै 1947, आणि शके 1869 चा माघ म्हणजे 1948. पौषात नेहमी घोटाळा होतो, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदलते. तिथे त्या वर्षाचे पंचांग पाहावे.

'गेल्या मंगळवारी' हे अंकाच्या तारखेवरून मोजू नये. बातमीदाराच्या पत्रावर 'राजापूर, ता. 9' असे असते, मोजणी तिथून. पत्र पोहोचायला, छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायला दिवस जात आणि पावसाळ्यात आणखी. अंक 16 तारखेचा असला तरी बातमीतला मंगळवार त्या आठवड्यातला नसतो.

वेळेतही फरक आहे. 1906 पासून देशात स्टँडर्ड टाइम आला तरी मुंबईत पुढे अनेक वर्षे 39 मिनिटे मागे असलेला मुंबई टाइम चालत राहिला. वेळेपुढे 'स्टँ. टा.' की 'मुं. टा.' ते पाहून घ्यावे. बोट खरोखर अर्धा तास उशिरा आली, की फक्त दोन घड्याळांत फरक होता, हे त्यावर ठरते.

1957 च्या आधीचा रुपया म्हणजे 16 आणे आणि आणा म्हणजे 12 पै. 'रु. 2-6-9' म्हणजे दोन रुपये, सहा आणे, नऊ पै, आजच्या दशांशात साधारण 2.42. हा आकडा 2.69 असा उतरवलेला छापील पुस्तकांतही सापडतो. मण, खंडी, पायली यांचे मात्र तडकाफडकी किलो करू नयेत, ही मापे तालुक्यागणिक बदलत. मूळ शब्द जसाच्या तसा लिहावा आणि त्याच पत्रातले भाव त्याच मापात एकमेकांशी ताडावेत. आंब्याचेही तसेच. हंगामातली पहिली पेटी किती रुपयांना गेली ही बातमी दरवर्षी येते, पण पेटीत किती डझन ते दरवेळी सारखे नसते. त्या भावांचा आलेख काढून महागाई मोजली तर निष्कर्ष फसतो.

गावांच्या हद्दीही ध्यानात ठेवाव्यात. कणकवली, देवगड, मालवण 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला झाला. त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. सावंतवाडी आणि मुरुड-जंजिरा ही 1948 पर्यंत संस्थाने होती. त्यामुळे सावंतवाडीचा 1935 सालचा विषय रत्नागिरी कलेक्टरच्या बातम्यांत शोधून सापडत नाही.

नोटीस उलगडून पाहू

जाहीर नोटिसांच्या साच्यावरून रचलेला हा नमुना पाहा:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, ता. राजापूर येथील स. नं. 41, हि. नं. 3, क्षेत्र 0-27, आकार रु. 0-9-0 ही मिळकत आमचे सामायिक मालकीची आहे. आमचे चुलतबंधू, ह. मु. मुंबई, यांस दिलेले कुलमुखत्यारपत्र आम्ही रद्द केले असून त्यांनी केलेला कोणताही व्यवहार आम्हांवर बंधनकारक राहणार नाही.'

पाच ओळींत गावाचे अर्धे अर्थशास्त्र आहे. 'ह. मु.' म्हणजे हल्ली मुक्काम. हे दोन अक्षरांचे संक्षिप्त रूप मोजत गेलात तर कोणत्या गावची माणसे कधीपासून मुंबईत गेली याचा अंदाज बांधता येतो. पुढे 'गिरगाव', 'लालबाग', 'परळ' असे काही असेल तर तेही टिपावे. 'स. नं.' म्हणजे सर्व्हे नंबर आणि 'हि. नं.' म्हणजे त्यातला हिस्सा नंबर. तीन, सात, अकरा असे आकडे वाढत जातात तेव्हा जमिनीचे तुकडे पडत असतात. 'आकार' म्हणजे सारा, जमिनीवरचा सरकारी कर. नऊ आणे सारा असलेल्या जमिनीसाठी माणूस पैसे भरून नोटीस छापतो, म्हणजे भांडण तरी जुने आहे किंवा त्या जमिनीवर आंब्याची कलमे आहेत. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकाराचा कागद, दिले जाते कारण मालक एका ठिकाणी आणि जमीन दुसऱ्या ठिकाणी, आणि रद्द होते तेव्हा भावकीत काय चालले आहे ते वेगळे सांगायला नको.

क्षेत्राचा आकडा जपून वाचावा. जुन्या नोटिशीत तो एकर-गुंठ्यांत असतो, नंतरच्यांत हेक्टर-आरमध्ये. 0-27 ला फारसे बिघडत नाही, कारण गुंठा आणि आर जवळपास सारखेच. पण '1-20' हे एकर-गुंठ्यांत 60 गुंठे होतात आणि हेक्टर-आरमध्ये 120 आर, म्हणजे थेट दुप्पट.

नोटिशीत कायद्याचा उल्लेख असेल तर तो मथळ्यापेक्षा महत्त्वाचा. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा, जमीन कसणाऱ्या कुळांसाठीचा कुळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 नंतर 'कलम 32 ग' दिसू लागले की कुळांच्या जमिनींची किंमत ठरते आहे असे समजावे. 'सन 1827 चे रेग्युलेशन 8' म्हणजे वारस दाखल्याचा अर्ज. त्यात मयताची तारीख, वारसांची नावे आणि त्यांचे पत्ते मिळतात. सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयाच्या नोटिसा 1950 च्या कायद्यानंतर येऊ लागल्या. देवस्थान, मशीद, वाचनालय, मुंबईकर मंडळ नोंदणीला आले की चौकशीची नोटीस निघे. देवळाचा मान कोणाचा यावर पिढ्यान्पिढ्या चाललेला वाद अशा नोटिशीत पहिल्यांदा कागदावर आलेला दिसतो.

पत्राचा मालक कोण

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक ओळ असते: हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. 1867 च्या कायद्याने ही ओळ बंधनकारक केली. दर अंकाला ती वाचावी, कंटाळा करू नये. मुद्रक बदलला, छापखाना बदलला, गाव बदलले की त्यामागे काहीतरी घडलेले असते: जामीन मागितला गेला, भागीदारी मोडली, निवडणूक लागली.

1956 च्या नियमांनंतर आणखी सोय झाली. फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म नं. 4' छापावा लागे. त्यात मालक कोण आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल कोणाचे हे असते. मार्चचा पहिला अंक पाहायला सांगितला तो यासाठी. मग नगरपालिकेच्या निवडणुकीतला उमेदवार, पत्राचा भागधारक आणि ट्रान्स्पोर्ट कंपनीचा जाहिरातदार हे एकच गृहस्थ आहेत असेही निघू शकते.

जाहिरातींची जागा पट्टीने मोजावी. सरकारी नोटिसा आणि नगरपालिकेची टेंडरे ही छोट्या पत्राची भाकरी. ज्या वर्षी ती जास्त, त्या वर्षी नगराध्यक्षांवरची टीका किती हे ताडून पाहावे. दरवेळी संबंध निघतोच असे नाही, पण पाहायचे सोडू नये.

कोण बोलतो, कोण गप्प

नावापुढची अक्षरे बारकाईने वाचावीत. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री, 'ना.' म्हणजे नामदार, 'मे.' कधी मेहेरबान तर कधी मेसर्स, 'गं. भा.' म्हणजे विधवा. एकाच बातमीत चौघांना 'रा. रा.' आणि पाचव्याचा उल्लेख नुसता जातीने असेल, तर त्या पत्राच्या लेखी गावात माणसे चारच होती. स्त्रियांची नावे देणगीच्या पोचेत, शाळेच्या बक्षीस समारंभात आणि निधनवार्तेत शोधावीत. बाकी पानांवर ती क्वचितच भेटतात. कोळी, भंडारी, कातकरी, मुसलमान वस्त्यांच्या बातम्या बऱ्याचदा आग, साथ, खटला एवढ्यापुरत्याच असतात. त्यावरून त्या वस्तीचे जीवन लिहायला घेतले तर पोलिसाच्या नजरेने लिहिले जाते.

यावर उपाय एकच, दुसऱ्या बाजूचे पत्र शेजारी ठेवणे. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा. डॉ. आंबेडकरांचे 'बहिष्कृत भारत' त्यानंतर लगेच, 3 एप्रिल 1927 ला सुरू झाले. त्यातला वृत्तान्त आणि त्याच आठवड्यांतला पुण्यामुंबईच्या पत्रांतला मजकूर यांचे दोन रकाने करावेत: क्रियापद कोणते वापरले, मारहाण कोणी केली असे लिहिले, जखमींची नावे कोणी दिली, तळ्याला 'सार्वजनिक' कोण म्हणते. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप 1933 ला सुरू होऊन वर्षानुवर्षे चालला. कुळांच्या बाजूचे 'कृषीवल' 1937 मध्ये निघाले, म्हणजे संपाच्या पहिल्या काही वर्षांसाठी कुळांचा आवाज दुसऱ्यांच्या पत्रांतून गाळून घ्यावा लागतो. पत्र कधी सुरू झाले हे घटनेच्या तारखेशी जुळवून घेण्याचे कारण हेच.

टोपणनावाच्या पत्रांवर लगेच विश्वास ठेवू नये आणि ती टाकूनही देऊ नयेत. 'एक प्रवासी' बंदरावर पडावात (बोटीपासून धक्क्यापर्यंत नेणाऱ्या होडीत) बायकामुले भिजतात, हमाल जास्त पैसे घेतात असे लिहितो. लिहिणारा दुसऱ्या बोट कंपनीचा एजंटही असू शकतो. पण पुढच्या अंकात एजंटचा खुलासा, त्यानंतर लोकल बोर्डाच्या सभेत प्रश्न आणि वर्षभराने धक्क्याच्या दुरुस्तीचे टेंडर अशी साखळी लागली, तर तक्रार खरी होती आणि तिच्या मागे माणसे होती. अशा साखळ्या लावण्यातच या वाचनाची खरी मजा आहे.

आकडे आणि उसन्या बातम्या

17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अशा घटनेच्या आकड्यांची कहाणी अंकागणिक बदलते. पहिल्या दिवशी वाचलेल्यांच्या तोंडचे आकडे, मग कंपनीने विकलेल्या तिकिटांचा आकडा, मग बिनतिकीट प्रवासी आणि खलाशी धरून वाढलेला, शेवटी चौकशीतला. शेवटचा तेवढा घेऊन आधीचे पुसू नयेत. चारही तारखांसकट लिहावेत, कारण लोकांचा संताप आणि मदतफंड पहिल्या आकड्यांवर उभे राहिलेले असतात. त्यानंतरच्या अंकांत मदतफंडाच्या याद्या येतात का ते पाहावे. गाव, रक्कम आणि देणाऱ्याचे नाव यांतून किनाऱ्याचे नातेसंबंध उघडे पडतात.

एकच बातमी तीन पत्रांत आली म्हणजे तीन पुरावे झाले असे नाही. छोटी पत्रे मोठ्यांतून मजकूर घेत, कधी नाव देऊन, बरेचदा न देता. तिन्हींत एकच चुकीचे आडनाव किंवा एकच छपाईची चूक असेल तर मूळ एकच. पुराव्यासाठी ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, न्यासाची नोंद असा वेगळ्या जातीचा कागद हवा.

संगणकावर शोधताना जुने शुद्धलेखन टंकावे. 1962 च्या नियमांआधी 'कांहीं', 'नाहीं', 'वेंगुर्लें' असे अनुस्वार सर्रास आहेत. 'रत्नागिरी' आणि 'रत्नागिरि', 'सावंतवाडी' आणि 'सांवतवाडी' दोन्ही शोधावेत. झिजलेल्या खिळ्यांमुळे छापील अक्षरे ओळखणारे यंत्र 'घ' आणि 'ध', 'ख' आणि 'रव' यांत चुकते. शोधात काही आले नाही म्हणून 'उल्लेख नाही' असे लिहू नये, डोळ्यांनी पान पाहिल्यावरच लिहावे.

मासिके आणि स्मरणिकाही गठ्ठ्यात असतील तर त्यांची वेगळी फाइल करावी. आजगावचे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेल्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंक काढला. तसल्या मासिकांतून शिकलेल्या घरांत काय वाचले जाई ते कळते. गावापुरते पाहायचे तर शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा मुंबईकर मंडळाची स्मरणिका जास्त कामाची. तिच्यातले लेख सोडून द्या, जाहिराती वाचा: कोणाचे किराणा दुकान, कोणाची पिठाची गिरण, मुंबईत कोणाची खाणावळ.

नोंदवही

साधी सारणी पुरते. रकाने असे: अंकाची तारीख, पत्राचे नाव व गाव, पान आणि रकाना, मजकुराचा प्रकार, घटनेची तारीख, गाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा, माणसे व संस्था, रक्कम किंवा माप मूळ रूपात, पहिली ओळ जशीच्या तशी, फोटोचा क्रमांक, शेरा. 'पहिली ओळ जशीच्या तशी' हा रकाना आळसाने गाळला जातो आणि नंतर तोच सगळ्यात जास्त लागतो. सारांश आपल्या शब्दांत लिहिताना आपले मत कधी आत शिरते ते कळत नाही.

न मिळालेल्या अंकांची यादी वेगळी ठेवावी: तारीख, आणि अंक गहाळ आहे, पान फाटले आहे की बांधणीत समास कापला गेला आहे ते कारण. पुरवण्या बांधणीत बरेचदा टाकून दिलेल्या असतात. मजकुरात 'पुरवणी पाहा' आले आणि पुरवणी नसली तर तेही लिहावे.

नोटिसा, खटले, जातपंचायतीचे निर्णय यांत आलेल्या माणसांची मुले-नातवंडे त्याच गावात राहतात. जे प्रसिद्ध कराल त्यात खाजगी माणसाचे नाव खरोखर लागते का ते आधी ठरवावे. मजकूर जसाच्या तसा छापायचा असेल तर हक्काची मुदत तपासावी: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, निनावी मजकुराला प्रसिद्धीपासून 60 वर्षे.

काम झाले की सारणीची एक छापील प्रत आणि फोटोंची पेनड्राइव्ह ज्या वाचनालयाने गठ्ठे सोडून दिले त्याला द्यावी, गहाळ अंकांच्या यादीसह. ती यादी हातात असली की तेच अंक दुसऱ्या गावच्या वाचनालयात मागता येतात, आणि बरेचदा निघतातही.